भरवलेलं केळं

"तारखेशिवाय राजीनाम्यावर सही? अगं, स्वतःच्या मानेवर सुरी ठेवून मूठ दुसऱ्याच्या हातात दिलीस की!" रिहाब शिवणकारखान्यात लागली त्या दिवशीच सासूबाई ओरडल्या होत्या. ती हसली होती. "आई, पोर्ट सईदमधला कुठला कारखाना अशी सही घेतल्याशिवाय आत घेतो?"

आज ती सही कामगार न्यायालयात न्यायाधीशांच्या हातात होती. आतडं फुटून रिहाब अतिदक्षता विभागात पडली, तेव्हा कारखान्याने कोऱ्या जागी तारीख भरली आणि तिला काढून टाकलं. आता म्हणत होते, बाईंनी दवाखान्यात, पलंगावर बसून, खुशीने सही केली. मग भरपाई कसली? ती त्या दिवशी शुद्धीवर होती, हे दवाखान्याच्या कागदातच होतं. अजून एक ऑपरेशन बाकी होतं आणि कडेवरचं पोर नीट बोलतही नव्हतं. दावा हरला की सगळंच संपलं.

कारखान्याने साक्षीला उभं केलं ते अवातिफताईंना. लाइनीवरच्या मुकादम. रिहाबच्या हातात पहिली सुई त्यांनीच दिलेली. 

"सही तुमच्यासमोर झाली?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हो साहेब. भेटायला गेले होते ना मी."

रिहाबचा वकील सहज बोलल्यासारखा म्हणाला, "आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने गेलात?"

बाकांवर खसखस पिकली. या गावात असं विचारणं म्हणजे खानदान काढणं. अवातिफताई कमरेवर हात ठेवून उसळल्या.

"रिकाम्या हाताने? मला काय रस्त्यावर वाढवलंय? केळी नेली होती! सोलून, या हाताने भरवली. वर ग्लासभर पेरूचा रस पाजला. नको नको म्हणत होती, पण मी ऐकते होय?"

न्यायाधीशांनी दवाखान्याचा कागद पुन्हा ओढला. रिहाबने ओठांवरून जीभ फिरवली. त्या दिवसांत ओठ चाटून चाटून फुटले होते तिचे.

"नाकातून नळी. तोंडावाटे पाण्याचा थेंबही द्यायचा नाही," त्यांनी मोठ्याने वाचलं. "आणि बाई, तुम्ही केळी भरवलीत?"

"दोन, साहेब."

"तुम्ही त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलेलं नाही."

कारखान्याच्या वकिलाने कपाळाला हात लावला. राजीनामा बाद झाला. भरपाई मंजूर झाली. सासूबाईंनी जीभ नाचवत आनंदाची अशी किलकारी फोडली की शिपाई धावत आला, आणि पोर घाबरायचं सोडून टाळ्या पिटायला लागलं.

न्यायालयाच्या जिन्याच्या पायथ्याशी रिहाबने अवातिफताईंना गाठलंच. जिंकल्याचा आनंद होता, पण राग त्याहून ताजा होता.

"खोटंच बोलायचं होतं, तर निदान धड तरी बोलायचंत! दवाखान्याचा उंबरठा तरी पाहिलाय का तुम्ही?"

अवातिफताई कठड्याला धरून थांबल्या. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "काचेच्या पलीकडून बघून जायचे गं रोज. आत सोडत नव्हते. नाकातली नळी दिसायची. उशाशी पाटी होती, पाणीही देऊ नका."

"मग ती केळी?"

"साक्ष दिली नसती तर त्यांनी दुसरी कुणीतरी उभी केली असती. तिने नीट दिली असती."

त्याच संध्याकाळी अवातिफताईंचा राजीनामाही कपाटातून निघाला. त्यावर ताजी तारीख पडली.

रिहाबचं दुसरं ऑपरेशन आठवड्यावर आलंय. तोवर तिला जिना चढायची मनाई आहे, आणि अवातिफताई चौथ्या मजल्यावर एकट्याच राहतात. मासळीबाजाराच्या मागे, निळ्या दाराचं घर. त्या बाजूला गेलात तर तेवढी त्यांच्या दारावर थाप मारून बघाल का?