दोनशे वीस वजा वय

घाटाच्या शेवटच्या वळणावर घोरपडे सरांच्या सायकलने आपणहून ब्रेक लावला आणि उर्वीला अस्सा आनंद झाला!

संघाच्या सायकलींचा नियमच होता तसा. दोनशे वीसमधून वय वजा करा. हृदयाचे मिनिटाचे ठोके त्यापुढे गेले की सायकल आपोआप थांबणार. गेल्या वर्षी निवडीच्या शर्यतीत पंधरा वर्षांच्या उर्वीची सायकल दोनशे पाचला अशीच थांबली होती.

"माझं हृदय आणखी धावतं सर, मोजून तरी बघा!" ती रडली होती.

"सूत्र म्हणजे सूत्र, पोरी," म्हणत सरांनी तिचं नाव खोडलं होतं.

यंदा तिने प्रयोगशाळेतून स्वतःचा खरा आकडा मोजून आणला, दोनशे चौदा, आणि तोच आपल्या सायकलमध्ये भरला. आणि सरांनाच पैजेवर घाटात खेचलं: हरले तर तिला संघात घ्यायचं.

"अगं थांब, मी दमलेलोसुद्धा नाही!" सर ओरडले.

"सूत्र म्हणजे सूत्र, सर!" म्हणत ती माथ्याकडे सुसाट निघाली.