पान दोनशे चौदा

"शाई वाळली की हात बांधले गेले रे बाळा, ओली आहे तोवरच बघून घ्यावं." कोर्टात निकालांच्या नकला करणारे वडील असं म्हणायचे, त्याला पन्नास वर्षं झाली. आज भर कोर्टात, वकिलांच्या पहिल्या रांगेत बसलेल्या सरांच्या कानाशी तो आवाज आला आणि त्यांनी उगाचच चष्मा पुसला.

सरकारी वकील बोलायला उभा होता. एकेकाळी सरांच्याच वर्गातला, दुसऱ्या बाकावरचा. हातात सरांचंच पुस्तक, सहावी आवृत्ती. सरकारनं माणसाशी कसं वागावं, यावरचं ते पुस्तक वकिलांच्या कपाटात असायचंच. समोर उंचावर बसलेल्या दोन्ही न्यायमूर्तींनीही तेच वाचून परीक्षा दिल्या होत्या.

"पान दोनशे चौदा," तो अदबीनं म्हणाला. "सर लिहितात, इमारत धोकादायक ठरली असेल तर राहणाऱ्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला सरकार बांधील नाही. पाच न्यायमूर्तींचा निर्णय आहे. सरांच्या पुढे मी पामर काय बोलणार?"

सर आज राहणाऱ्यांच्या बाजूनं लढत होते. एक गल्ली, बेचाळीस घरं. एका कागदावर 'धोकादायक' असा शिक्का पडला होता आणि सोमवारी घरं रिकामी करायची होती. गल्लीतली माणसं मागच्या बाकांवर अंग चोरून बसली होती. त्यांच्यातली शिवणवाली सकाळी जिन्यातच भेटली. घाईत गळ्यातली मोजपट्टी काढायची राहून गेलेली. तडा गेलाय तो टोकाच्या घराला, आमच्या भिंतींना साधा ओरखडा नाही, कोणी बघायलासुद्धा आलं नाही, असं ती सांगत होती. शेवटी म्हणाली, "पाडायचं तर पाडा साहेब. पण आधी विचाराल की नाही?"

सगळा खटला त्या एका प्रश्नात होता. आणि त्या प्रश्नाच्या वाटेत पान दोनशे चौदा आडवं पडलं होतं.

ते पान सरांनी चौतिसाव्या वर्षी लिहिलं होतं. तेव्हा ते निकाल वाचून कार्डांवर टिपणं काढायचे. त्या दोनशे पानी निकालातलं एक डौलदार वाक्य त्यांनी कार्डावर उतरवून घेतलं, पानाचा आकडा टाकला. कोण बोललं ते लिहायचं राहिलं. बोलले होते पाचवे न्यायमूर्ती, एकटे, विरोधात. बाकी चौघांनी नेमकं उलट सांगितलं होतं. पुस्तकात मात्र एकाचं बोलणं चौघांच्या तोंडी गेलं. पुढे कोणी मूळ निकाल उघडलाच नाही. सरांनी लिहिलंय म्हणजे असेलच.

तिसरी आवृत्ती हातात आली तेव्हा सरांना ते दिसलं. पुढच्या वेळी दुरुस्त करू, म्हणाले. मग अध्यासन मिळालं, सत्कार झाले, आणि मूठ झाकलेलीच राहिली. दरम्यान त्याच वाक्याच्या आधारानं पुलाखालची वस्ती गेली. मग नदीकाठची. मग जुन्या कारखान्यामागची. दर निकालात सरांचं नाव आदरानं घेतलेलं असायचं.

"काय सर," दोघींतल्या ज्येष्ठ न्यायमूर्ती हसून म्हणाल्या, "आज तुम्ही स्वतःच्याच पुस्तकाशी भांडणार?"

कोर्टात खसखस पिकली. शेजारी बसलेल्या ज्युनिअरनं चटकन एक चिठ्ठी सरकवली. पोरीनं रात्रंदिवस खपून वाट शोधून ठेवली होती: त्या जुन्या निकालात गोदाम होतं, इथं घरं आहेत, एवढं धरून ठेवा, निभावेल. वाट वाईट नव्हती. पण कारखान्यामागच्या लोकांच्या वकिलानंही तीच धरली होती.

सर उठले. टेबलाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली.

"भांडत नाही. ते पान चूक आहे."

खसखस थांबली. सरांनी मूळ निकाल वर पाठवला, आणि वर्गात सांगत तसं सावकाश सांगितलं की हे वाक्य जिंकलेल्या चौघांचं नाही, हरलेल्या एकाचं आहे. चौघं म्हणाले होते की आधी ऐका, मग हात लावा. सरकारी वकील निकालाच्या स्वतःच्या प्रतीत भराभर पानं उलटत होता. मग त्याची बोटं एका जागी थांबली आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

न्यायमूर्तींनी वाचलं. एकमेकींकडे झुकून कुजबुजल्या. गल्लीतल्या लोकांचं म्हणणं ऐकल्याशिवाय एका विटेलाही हात लावायचा नाही, असा हुकूम त्यांनी तिथल्या तिथं सांगितला. मागच्या बाकांवर काही कळलं नाही. मग ज्युनिअरनं वळून नुसती मान हलवली आणि शिवणवालीनं शेजारणीचा दंड घट्ट धरला.

सर अजून उभेच होते. ज्युनिअर हळूच पुटपुटली, "छापखान्याची चूक म्हणा सर, विषय संपेल."

ज्येष्ठ न्यायमूर्तींनी निकाल मिटला. त्यांचा स्वर मऊ झाला होता. घरातल्या थोरल्या माणसाला सावरून घ्यावं तसा.

"या खटल्याची तयारी करताना लक्षात आलं असेल, नाही का सर?"

दार उघडंच होतं. नुसतं 'हो' म्हणून बाहेर पडायचं होतं.

"नाही," सर म्हणाले. "बारा वर्षं झाली कळून. त्यानंतर मी तीन आवृत्त्या काढल्या, आणि तीन वस्त्या उठल्या."