घरच्या कॉम्प्युटरचं घड्याळ

"हात लावायचा नाही दाराला!" तो रखवालदारावर खेकसला.

काचेच्या दारापलीकडे त्याचीच मुलगी उभी होती. धापा टाकत, प्रवेशपत्र छातीशी धरून.

परीक्षा केंद्रातले सगळे कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात होते. मुख्य कॉम्प्युटरची वेळ तो रोज सकाळी इंटरनेटवरच्या प्रमाणवेळेशी जुळवायचा. बाकीचे त्या कॉम्प्युटरकडून वेळ घ्यायचे. दारसुद्धा त्याच वेळेवर बंद व्हायचं. "आपल्याकडे सेकंदाचीही गफलत नाही," असं तो छाती ठोकून सांगायचा. कितीतरी लोकांची पोरं त्याने याच दारातून रडत परत पाठवली होती.

आणि आज स्वतःचीच कार्टी उशिरा! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिच्यासाठी काय करायचं बाकी ठेवलं होतं? अभ्यासात लक्ष लागावं म्हणून हिचा मोबाइल कपाटात कोंडला. घरच्या कॉम्प्युटरचं घड्याळ वर्षभर चुकत होतं, तेही काल संध्याकाळी इंटरनेटला जोडून चोख करून ठेवलं. आज ऐन परीक्षेला घोळ नको म्हणून. आणि बाईसाहेब आल्या डुलत डुलत!

"साहेब, आत्ताच तर बंद झालंय," रखवालदार चाचरत म्हणाला. "किल्ली तुमच्याकडेच आहे. पोरीचं वर्ष जाईल हो."

"जाऊ दे! घड्याळ कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

तो तरातरा दारापाशी गेला. काचेवर बोट आपटत ओरडला, "लाज नाही वाटत? समोर घड्याळ होतं ना? डोळे फुटले होते?"

मुलगी रडली नाही. तिचा चेहरा रागाने लालबुंद झाला होता.

"घड्याळ बघूनच निघाले मी." मग ती एकदम थबकली. "बाबा, ते घड्याळ तुम्ही नीट केलंत?"

"केलं! काल! कुणासाठी केलं? तुझ्याचसाठी ना?"

"मग मला सांगायला काय झालं होतं?" ती किंचाळली. "ते दहा मिनिटं पुढे असायचं. घरात आपण सगळेच दहा मिनिटं वजा करायचो, तुम्हीसुद्धा! आज सकाळीही मी वजाच केली!"