ग्रंथालयाला वळसा

आराखडा टेबलावर पसरला, पण कागद गुंडाळी सोडायला तयार नव्हता. चारही कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवावे लागले. विद्यापीठाची पुढची तीस वर्षं त्यावर होती, आणि ती तिनं आखली होती. समोर कुलगुरू. त्यांच्या शेजारी सर, ज्यांच्या हाताखाली ती रेघ मारायला शिकली. आता ते समितीवर मानाचे सल्लागार होते.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक टेकेल इतके वाकले. बोट मुख्य दरवाजातून निघालं, मोठ्या रस्त्यानं चालत गेलं आणि मध्येच थांबलं.

"हा रस्ता इथे का वळतोय?"

कुलगुरूंना एकदम घसा साफ करावासा वाटला.

"जुनं ग्रंथालय आहे ना तिथे, सर," ती म्हणाली.

"ते ठाऊक आहे. मीच बांधलंय. रस्ता का वळतोय, ते विचारतोय."

तिनं उत्तर घोटून आणलं होतं: वारसा, झाडं, सावली. पण आता तिनं नुसता कोपऱ्यावरचा कप सरळ केला.

"या वळणापायी मुलींचं वसतिगृह पार ओढ्यापलीकडे ढकललंयस. अंधार पडल्यावर त्यांनी परतायचं कसं? आणि ते छत पहिल्या वर्षापासून गळतंय. पुस्तकांवर अजून ताडपत्री घालतात. माझ्या भिडेखातर ठेवलंस ना?"

"हो."

"भीड भिकेची बहीण," सर म्हणाले आणि तिच्या हातातली पेन्सिल घेतली. डाव्या हातानं मनगट धरून त्यांनी दरवाजापासून टोकापर्यंत रेघ ओढली, ग्रंथालयाच्या मधोमध. रेघ काही सरळ आली नाही. तिनं खोडरबर पुढे केलं नाही.

कुलगुरू मोकळे झाले. सरांच्या मोठ्या मनाबद्दल बोलले, नव्या सभागृहाला त्यांचं नाव द्यायचंही सुचवून झालं. सर तोवर आपली काठी शोधत होते.

ती त्यांना दारापर्यंत सोडायला गेली.

"पाडायच्या आधी मला कळव."

"कळवते, सर. फोटो काढून ठेवायचेत का?"

"नाही गं. बायकोला आणायचंय. बांधकाम चालू होतं तेव्हा मी घरी नसायचोच. तेव्हा जी रुसली, तिनं आत पाऊल टाकलेलं नाही अजून."