पंखा मंदावला की

पारोळ्याला कुंदाअक्कांच्या घरात खालच्या खोलीत गनी भाड्यानं राहायचा. वर अक्का एकट्याच. संध्याकाळी हायवेवरच्या फेऱ्या आटोपून आला, की गनी ई-रिक्षा दाराशी लावायचा आणि लगेच चार्जिंगचा प्लग खोचायचा. एकदा केळी द्यायला तो वर गेला. मे महिन्याची तलखी, त्यात खाली रिक्षानं वीज ओढलेली. अक्कांचा पंखा इतका मंद फिरत होता, की त्याची पाती मोजून घ्यावीत. पदरानं घाम पुसत अक्का त्या पंख्याकडेच बघत बसल्या होत्या. गनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवसापासून तो स्टँडवरच चार्जिंग करून येऊ लागला. रिक्षा आवाज न करता दाराशी लागायची आणि वर पंखा भन्नाट फिरत राहायचा. गनीला बरं वाटलं.

मग तिसऱ्याच संध्याकाळी गुडघे धरत, जिना उतरून अक्का खाली आल्या.

“गाडी चार्जिंगले काबर लावत नही रे?”

“स्टँडवर लावस, अक्का. तुमना पंखा मंद व्हस ना.”

“व्हवू दे ना! तुनी गाडीले काही आवाज शे का? पंखा मंद व्हयना, की माले समजस, गनी हायवेवरतीन घर उना. मंग मी जेवाले बठस.” अक्का आता रागावल्याच. “दोन रोज व्हयनात, पंखा मंदच व्हत नही. मी जेवू कव्हय?”