मदत आली

दुपारपासून तलवारी घेतलेली टोळी नालासोपाऱ्यातल्या त्या गल्लीत दारांवरच्या नावांच्या पाट्या वाचत हिंडत होती. आशालताताईंनी शेजारच्या मेहरुन्निसाला तान्ह्या लेकरासकट आपल्या स्वयंपाकघरात लपवलं आणि दबक्या आवाजात पोलिसांना फोन लावला.

"कितवा मजला? घरात आणखी कोण आहे?" पलीकडच्या माणसानं आपुलकीनं विचारलं. ताईंनी काही म्हणजे काही लपवलं नाही.

"घाबरू नका ताई, माणसं पाठवतो."

थोड्याच वेळात बेल वाजली. मेहरुन्निसाच्या जिवात जीव आला.

"आले बघ," म्हणत ताईंनी घाईघाईनं कडी काढली.

दारात तलवारवाला उभा होता. अदबीनं म्हणाला, "काकू, फोन कशाला केलात? आम्ही खालीच होतो की."