खोकल्याचा हेवा

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण एका धडधाकट माणसाला दुसऱ्याच्या खोकल्याचा हेवा वाटत होता.

माणूस म्हणजे पलटणीतला निवृत्त आचारी. खोकला शेजाऱ्याचा; तो त्याच पलटणीचा ड्रायव्हर. छावणीचा कचरा जाळायच्या खड्ड्यापर्यंत तो ट्रक न्यायचा. त्या विषारी धुरापायी सरकारनं त्याला निळं कार्ड दिलं. औषधं फुकट, दवाखान्यात न्यायला दारात सरकारी गाडी, वर नर्स "काका, सावकाश" म्हणत हात धरणार. आचाऱ्याचा नुसता जळफळाट व्हायचा.

"दूध जळून कोळसा झालं, नि तुम्ही शेगडीशेजारी ढिम्म!" बायको करवादली. "लक्ष त्या कार्डातच ना?"

"मलाही मिळेल. अर्ज टाकलाय."

"तुला?" कुंपणापलीकडून ड्रायव्हर हसला, हसता हसता खोकला. "लेका, तू कुठं होतास खड्ड्यावर? फवारणीच्या औषधाची खोकी फोडून ऐटीत चूल पेटवायचास!"

"बघ, खोकतोस पण कसा मिजाशीत! तू साक्षीला ये नि नुसती मान डोलव. बाकी मी बघतो."

तपासणीला दोघं ड्रायव्हरच्याच सरकारी गाडीतून गेले. डॉक्टरीणबाईंसमोर आचाऱ्यानं तोंड उघडलं ते मिटेना. सहा महिने खड्ड्यावर पहारा दिला, दोन मजली ज्वाळा, धूर आधी काळा, मग हिरवा, उडते कावळे टपाटप खाली!

"आणि तो वास, बाई! जळक्या रबराचा. अजून नाकात बसलाय. जेवताना तोच, झोपताना तोच."

बाईंनी नाकाला रुमाल लावला. डोळे पाणावले त्यांचे. ड्रायव्हरनंही तोंड फिरवून बाहीनं डोळे पुसले. नर्स लगबगीनं आली, भराभरा खिडक्या उघडून गेली. आचाऱ्याला चेव चढला. गोष्ट काळजाला भिडली म्हणायची! त्यानं आणखी चार कावळे पाडले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "खोटं बोलताय तुम्ही."

आचाऱ्यानं ड्रायव्हरकडे जळजळीत पाहिलं. "यानंच कान भरले ना? खड्ड्यावर मी नव्हतो म्हणून?"

"खड्ड्याचं राहू द्या. पलीकडच्या खोलीत नर्सचं दूध जळून गेलंय, मघापासून आम्हाला श्वास घेववत नाहीये. तुम्हाला वास येतच नाही. कधीपासून?"